मॅग्नमचा धक्का: जड रिव्हॉल्व्हर चालवायला शिकताना

रिव्हॉल्व्हरचा हॅमर, म्हणजे मागचा घोडा, पडला, खट् वाजलं आणि बार झालाच नाही. शिकवणाऱ्याने माझ्या नकळत सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यात, एक खोटं काडतूस घालून ठेवलं होतं. आवाज नाही, धक्का नाही, तरीही माझ्या हातातल्या .४४ मॅग्नमच्या नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं आणि डोळे घट्ट मिटले होते. आधीच्या पाचही गोळ्या कागदाच्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात का जात होत्या, ते त्या क्षणी कळलं. तोवर मी साईटला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, दोष देत होतो. बारका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागची साईट दोनदा वर-खाली करूनही झाली होती.

मोठ्या बोअरचं, म्हणजे नळीचं भोक रुंद असलेलं, रिव्हॉल्व्हर हाताला लागतं, त्यात खोटं काही नाही. पण नेम बिघडतो तो धक्का बसायच्या आधी, त्याची वाट बघताना. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. .२२ किंवा ९ मिलिमीटरचं शस्त्र हाताळून झालेलं आहे, परवाना आणि रेंजचे नियम पाळले जातायत आणि शेजारी जाणकार माणूस उभा आहे, एवढं गृहीत धरतो. यातलं एक जरी नसेल तर मॅग्नमच्या वाटेला जाऊ नका.

आधी धक्क्याचा हिशेब

शाळेतलं भौतिकशास्त्र इथे अगदी हाताला जाणवतं. .४४ मॅग्नमची नेहमीची गोळी २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची. ती सेकंदाला साधारण ४०० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. तिच्यामागून जळलेल्या दारूचा वायू बाहेर पडतो, तो वजनाला किरकोळ पण वेगाला गोळीच्या कितीतरी पुढे. या दोघांना पुढे ढकलण्याची किंमत रिव्हॉल्व्हर मागे येऊन चुकवतं. शस्त्र १.३५ किलोचं असेल तर ते सेकंदाला सहाएक मीटर वेगाने मागे येतं आणि धक्क्याची ऊर्जा २५ जूलच्या घरात जाते. ९ मिलिमीटरच्या पूर्ण आकाराच्या पिस्तुलात हाच आकडा पाच-सहा जूल असतो.

खरी मेख वजनात आहे. तेच काडतूस पाऊण किलोच्याही आतल्या, टायटॅनियम-स्कँडियमच्या हलक्या रिव्हॉल्व्हरमधून झाडलं तर संवेग तेवढाच राहतो, पण मागे येण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो आणि ऊर्जाही तशीच दुप्पट होते. म्हणून 'हलकं आहे, नवशिक्याला बरं पडेल' हा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. स्मिथ अँड वेसनचं .५०० मॅग्नम लांब नळीत दोन किलोंचं असतं. ते वजन डौलासाठी दिलेलं नाही. तेवढ्या वजनातूनही त्याची ऊर्जा ६० जूलच्या पुढे जाते.

रिव्हॉल्व्हरचा धक्का पिस्तुलापेक्षा टोचरा का वाटतो, यालाही कारण आहे. स्वयंचलित पिस्तुलात मागे सरकणारी स्लाइड आणि तिची स्प्रिंग धक्का थोडा लांबवून देतात. रिव्हॉल्व्हरमध्ये तसं मागे-पुढे होणारं काही नाही. त्यातून त्याची नळी मुठीच्या बरीच वर असते, त्यामुळे शस्त्र सरळ मागे न येता मनगटाभोवती वर उसळतं.

आता वेळेचं गणित बघा. दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत दीड-दोन मिलिसेकंद जातात. तेवढ्यात शस्त्र जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकतं. माणसाला एखाद्या गोष्टीवर प्रतिक्रिया द्यायला दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे धक्का 'जाणवून' मग तो आवरणं कुणालाही जमणारं नाही. जे आवरायला जातात ते धक्का यायच्या आधीच आवरतात, आणि तीच दचक.

एक गंमत मात्र आहे. त्या दोन मिलिसेकंदांतही नळी किंचित वर उचलली जातेच आणि बनवणाऱ्यांनी ते धरलेलं असतं. म्हणून मोठ्या रिव्हॉल्व्हरची पुढची साईट, जुने लोक जिला माशी म्हणतात ती, उंच असते. साईट्स निशाणावर जुळलेल्या असताना नळी प्रत्यक्षात निशाणाच्या खाली रोखलेली असते. यामुळेच जड आणि संथ गोळी जवळच्या अंतरावर हलक्या, वेगवान गोळीपेक्षा वर लागते. ती नळीत जास्त वेळ राहते, तेवढी नळी जास्त वर गेलेली असते. काडतूस बदललं की नेम का बदलतो, हे कोडं पुष्कळांना वर्षानुवर्षं सुटत नाही.

पायऱ्या चढत या

.३५७ मॅग्नम १९३५ सालचं, .४४ मॅग्नम १९५५ चं. .४५४ कॅसुल पन्नासच्या दशकातच घडलं, पण त्यासाठी कारखान्यात तयार झालेलं रिव्हॉल्व्हर मिळायला १९८३ उजाडलं. .५०० स्मिथ अँड वेसन २००३ मध्ये आलं आणि .४६० त्यानंतर दोन वर्षांनी. हा क्रम इतिहासाचा आहे, पण शिकणाऱ्यानेही साधारण याच क्रमाने यावं.

रिव्हॉल्व्हरची मोठी सोय अशी की एकाच शस्त्रात सौम्य आणि जहाल अशी दोन्ही काडतुसं चालतात. .३५७ मध्ये .३८ स्पेशल, .४४ मॅग्नममध्ये .४४ स्पेशल, .४५४ मध्ये .४५ कोल्ट. .४६० मध्ये तर .४५४ आणि .४५ कोल्ट दोन्ही. उलटं मात्र कधीही नाही. मॅग्नमची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं दारू भरलेलं आवरण, मुद्दाम तीनेक मिलिमीटर लांब ठेवलेली असते, ती जुन्या, कमी दाबासाठी बनलेल्या चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घरात, शिरूच नये म्हणून. बसत नसेल तर जोर लावू नका, एवढं पुरे.

मी सांगेन ते असं: ज्या .४४ वर पुढे शिकायचं आहे त्याच शस्त्रातून आधी .४४ स्पेशल झाडा. जवळपास तेवढ्याच वजनाची गोळी, पण सेकंदाला २३० मीटरच्या आसपास वेगाची. हात, मूठ, ट्रिगर, साईट सगळं तेच राहतं आणि धक्का फक्त ढकलल्यासारखा लागतो. पंचवीस मीटरचा सोस नको, दहा मीटरवर तळहाताएवढ्या गोलात सगळ्या गोळ्या सलग बसू लागल्या की मॅग्नमचं एक काडतूस घ्या. एकच. पहिलं रिव्हॉल्व्हर निवडताना सहा ते आठ इंच नळीचं, पोलादी, सव्वा किलोच्या वरचं बघा आणि मुठीला रबर असलेलं घ्या. चार इंची हलकं शस्त्र कमरेला लावायला छान, शिकायला वाईट.

कान, डोळे, हात

मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा आवाज १६० डेसिबलच्या पुढे जातो. अशा एका बारानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून कानात फोमचे बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही हवंच. दोन्हींचे आकडे बेरजेने वाढत नाहीत, दुसऱ्या थराने पाचेक डेसिबलचीच भर पडते, पण इथे ते पाचही मोलाचे आहेत. दचकण्यात मोठा वाटा आवाजाचा असतो हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ज्याला वाटतं मनगट कच्चं आहे, त्याचे नुसते कान नीट झाकले तरी पुष्कळदा कागदावर गोळ्या एकमेकींच्या जवळ लागू लागतात.

चष्मा संरक्षक हवा आणि बाजूनेही झाकणारा हवा. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये कागदाच्या पानाएवढी, ०.१ ते ०.१५ मिलिमीटरची फट असते आणि प्रत्येक बाराला तिथून पेटता वायू आणि शिशाचे कण आडवे उडतात. शेजारच्या लेनमधल्या माणसालाही ते लागतात. नळीच्या तोंडाशी कॉम्पेन्सेटर, म्हणजे उसळी कमी करायला वायू खाचांतून सोडणारी जोडणी, असेल तर शेजाऱ्याला आणखी मोठा तडाखा बसतो, तेव्हा सुरू करण्याआधी त्याला सांगा.

तळव्याला गादी असलेला हातमोजा वापरण्यात कमीपणा नाही. फक्त तर्जनी मोकळी हवी, ट्रिगरचा स्पर्श बोटाला कळला पाहिजे.

मूठ

पिस्तुलावरून आलेल्यांसाठी पहिली सूचना, आणि ती तोडून सांगतो: दोन्ही अंगठे पुढे रोखून धरायची पिस्तुलाची पद्धत इथे विसरा. पिस्तुलावर जिथे डाव्या हाताचा अंगठा विसावतो, तिथे रिव्हॉल्व्हरवर ती मघाची फट येते. .४४ मध्ये कातडी भाजेल आणि फाटेल. .४६० आणि .५०० मध्ये बोटाचं टोक जाऊ शकतं. कोणतंही बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेच्या पलीकडे जाता कामा नये.

आता धरायचं कसं? शस्त्र रिकामं आहे याची खात्री करा. सिलिंडर बाहेर काढा, प्रत्येक चेंबरमधून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. मग डाव्या हाताने नळीकडून धरून ते उजव्या हाताच्या बेचकीत बसवा. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या पाठीवर जितकी वर जाईल तितकी वर, पण फ्रेमला जिथे उंचवटा येतो त्याच्या खालीच. वरून पाहिलं तर नळी, मनगट आणि कोपर एका रेषेत दिसायला हवेत. नळी अंगठ्याच्या बुडाकडे झुकली असेल तर सगळा मारा त्या एका सांध्यावर येतो. दोन दिवसांनी डब्याचं झाकण फिरवताना हा सांधा ठणकला तर मूठ चुकीची होती असं समजा.

मधलं बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, खाली घट्ट लावू नका. मी सुरुवातीला लावायचो आणि प्रत्येक बाराला गार्डची मागची कड पेरावर हातोडीसारखी बसायची. चोवीस काडतुसांनंतर ते पेर निळं पडलं आणि आठवडाभर पेन धरताना आठवण करून देत होतं. गार्डच्या मागची पोकळी भरून काढणारी रबरी मूठ बसवल्यावर ते संपलं. उजव्या अंगठ्याकडेही बघा. काही शस्त्रांत सिलिंडर सोडवायचं बटण नेमकं तिथे येतं आणि उसळताना अंगठ्याची कातडी सोलतं. अंगठा खाली वळवा आणि डावा अंगठा त्यावर कुलपासारखा आडवा ठेवा.

उजव्या हाताने हस्तांदोलनापेक्षा जरा घट्ट, डाव्याने त्याहून घट्ट. उजव्या हाताने जीव खाऊन आवळलं की तर्जनीही आखडते आणि ट्रिगर झटक्यात ओढला जातो. आवळता आवळता साईट थरथरू लागली तर जोर जास्त झाला, थरथर थांबेपर्यंत सैल करा.

जुन्या घडणीची सिंगल अॅक्शन रिव्हॉल्व्हरं (दर बाराआधी हॅमर हाताने चढवावा लागणारी), १८७३ च्या कोल्टसारख्या गोल मुठीची, वेगळ्या स्वभावाची असतात. ती धक्क्याबरोबर तळहातात वर फिरतात, आणि त्यांना तसं फिरू देणंच सोयीचं. बारीक मूठ असेल तर करंगळी खाली दुमडून ठेवणारेही आहेत, पण त्या करंगळीवर मूठ आपटते, ते मला कधी पटलं नाही.

उभं राहणं आणि पहिला बार

पहिला मॅग्नम बार उभ्यानेच घ्या. टेबलावर कोपरं टेकून बसलं की स्थिर वाटतं, पण अंगाला मागे जायला जागा राहत नाही आणि सगळा धक्का हातातच जिरतो. पाय खांद्याइतके रुंद, डावा थोडा पुढे, वजन पंजांवर, छाती नाकाच्या किंचित मागे असं वाकून उभं राहा. कोपरं कुलूप घातल्यासारखी ताठ नकोत आणि ढिलीही नकोत. ताठ हातातून धक्का सरळ खांद्यात शिरतो, आणि फारच दुमडलेल्या हातातून हॅमर किंवा मागची साईट थेट कपाळावर येते. कपाळाला टाके पडलेले लोक या खेळात दुर्मीळ नाहीत.

आता एकच काडतूस का, ते सांगतो. जहाल रिव्हॉल्व्हरमध्ये नवख्या माणसाकडून कधीकधी नकळत दुसरा बार होतो. पहिल्या धक्क्याने शस्त्र वर उसळतं, बोट ट्रिगरवरून सुटतं, शस्त्र निसटतंय असं वाटून हात आपसूक आवळला जातो आणि त्यात डबल अॅक्शन ट्रिगर, म्हणजे हॅमर चढवून लगेच सोडणाराही तोच, पुन्हा ओढला जातो. तेव्हा नळी छताकडे किंवा झाडणाऱ्याच्याच डोक्याच्या दिशेने असते. सिलिंडरमध्ये दुसरं काडतूसच नसेल तर नुसतं खट् वाजतं. मित्राच्या हातात भरलेलं .५०० देऊन त्याची फजिती मोबाइलवर टिपणारे महाभाग असतात, त्यांच्या रेंजवर मी थांबत नाही.

ते एक काडतूस कोणत्या चेंबरमध्ये? स्मिथ अँड वेसनचा सिलिंडर मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, कोल्टचा काट्यांच्या दिशेने. हॅमर चढवताना सिलिंडर एक घर पुढे जातो. म्हणजे उलट फिरणाऱ्यात सर्वांत वरच्या घराच्या उजव्या बाजूचं घर भरायचं. रिकाम्या शस्त्रावर दोनदा करून बघा, लगेच डोक्यात बसतं.

हॅमर डाव्या अंगठ्याने चढवा, उजवी मूठ हलवू नका. सिंगल अॅक्शनमध्ये ट्रिगर दीडेक किलोच्या दाबाने सुटतो, डबल अॅक्शनमध्ये साडेचार-पाच किलो लागतात. नजर पुढच्या साईटवर, निशाण जरा धूसर दिसलं तरी चालेल. श्वास अर्धा सोडून थांबा आणि दाब वाढवत जा, हॅमर कधी सुटतो याचा अंदाज न बांधता. बार झाला की हात वर जाऊ द्या. कोपरं दुमडतील, नळी वर चढेल. तिला रोखू नका. मूठ मात्र सोडायची नाही, आणि सगळं खाली स्थिरावून पुढची साईट पुन्हा दिसेपर्यंत ट्रिगर मागेच दाबून ठेवा. ही शेवटची सवय नकळत होणारा दुसरा बारही टाळते.

पहिल्यांदा जे वाटतं ते बहुतेकांना आठवत नाही. ज्वाला, छातीवर थाप, तोंडात दारूच्या धुराची चव. एक मिनिट शस्त्र खाली ठेवून थांबा. मग स्वतःला विचारा: बार होताना ज्वाला दिसली का? दिसली असेल तर डोळे उघडे होते.

दचक मोडायची कशी

औषध जुनं आहे आणि रिव्हॉल्व्हरइतकं सोपं ते दुसऱ्या कुठल्याच शस्त्रात नाही. सहा घरांत तीन-चार खरी काडतुसं आणि बाकी खोटी, साथीदाराने भरायची. सिलिंडर फिरवून न बघता बंद करायचा. खोट्यावर हॅमर पडला आणि साईट जागची हलली नाही, तरच तो नेम जमला म्हणायचा. हलली तर लगेच पाच वेळा रिकामं झाडायचं आणि मग पुन्हा. कागदावर नेम कुठे लागला ते या सरावात बघूच नका.

घरचा सराव रिकाम्या शस्त्रानेच. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, भिंतीवर एक ठिपका काढा आणि पुढच्या साईटवर एक नाणं तोलून डबल अॅक्शनने ट्रिगर ओढा. नाणं न पडता सलग वीस वेळा जमलं की रेंजवर फरक दिसतो. दचक एकदा मोडली की संपली असं होत नाही. तीन महिन्यांच्या खंडानंतर ती परत येते, मलाही येते. मग पुन्हा .४४ स्पेशल, पुन्हा खोटी काडतुसं.

बार वेगळा वाटला तर

धक्का एकदम कमी, आवाज 'फुस्स': लगेच थांबा. फुसका बार म्हणजे गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढचा बार तिच्यावर आदळला तर नळी फाटते. सिलिंडर उघडून नळी मोकळी असल्याची खात्री केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

हॅमर पडला आणि काहीच झालं नाही तर तोंड निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, काडतूस उशिरा पेटू शकतं. यात ट्रिगर पुन्हा ओढायचा नाही.

तिसरा प्रकार जड धक्क्याचाच. पाच बार होईपर्यंत सहाव्या काडतुसाची पुंगळी पाच वेळा झटक्याने मागे खेचली गेलेली असते आणि तिच्यातली जड गोळी जागीच राहू पाहते. कडा नीट दाबलेली नसेल तर गोळी हळूहळू पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरेनासा होतो. हलक्या शस्त्रात हे हमखास. नवं काडतूस वापरण्याआधी सहाव्याची लांबी कॅलिपरने मोजून खूण करा, पाच झाडा, ते बाहेर काढून पुन्हा मोजा. वाढली असेल तर ते काडतूस या शस्त्राचं नाही. सिलिंडर अडकलाच तर हॅमरशी झटापट करू नका, तोंड निशाणाकडे ठेवून रेंज ऑफिसरला बोलवा.

किती पुरे

पूर्ण ताकदीची .४४ मॅग्नम एका दिवसात चोवीस, फार तर तीस. .४५४ किंवा .५०० असेल तर दहा-बारा. हा माझा हिशेब आहे, तुमच्या हाताचा कमीही निघेल. अंगठ्याजवळ मुंग्या येणं, बोटं बधिर होणं, कोपराच्या बाहेरच्या बाजूला टोचणं, यातलं काहीही सुरू झालं की त्याच क्षणी शस्त्र रिकामं करून ठेवा. कोपराचं दुखणं एकदा मुरलं की महिनोन्महिने जात नाही, आणि ते 'अजून एक सिलिंडर' म्हणणाऱ्यांनाच होतं. शेवटची सहा नेहमी सौम्य काडतुसं झाडा, म्हणजे हात शेवटची आठवण दचकण्याची घेऊन जात नाही.

त्याचा एक त्रास मात्र होतो. स्पेशलची पुंगळी आखूड असल्याने तिच्या तोंडाशी, चेंबरच्या आत, काजळीचं कडं जमतं आणि पुढच्या वेळी मॅग्नमचं काडतूस तीनेक मिलिमीटर बाहेरच अडतं. ते अंगठ्याने ठोकून बसवू नका. घरी पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट घेऊन प्रत्येक घर दहा-बारा वेळा घासा, चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. त्याआधी हात आणि तोंड साबणाने धुवा, बोटांवर शिसं असतं.